गव्हर्नर नसलेले ड्रिल

हाताच्या ड्रिल मशीनच्या खोक्यावर दोन आकडे ठसठशीत छापलेले असतात. एक वॉटचा आणि दुसरा फेऱ्यांचा, म्हणजे मिनिटाला ० ते २८००. गिऱ्हाईक वॉट बघते, किंमत बघते. दुकानदार ट्रिगर दाबून मशीन हवेत फिरवून दाखवतो. बोट सैल केले की वेग उतरतो, दाबले की चढतो. ‘व्हेरिएबल स्पीड आहे’ एवढे ऐकून सौदा होतो. हे २८०० फेरे मशीन रिकामे फिरते तेव्हाचे आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही. बिट लोखंडात शिरले की त्यातले किती फेरे उरतात, बोट अर्धे दाबून वेग निम्मा केला तर जोर किती उरतो, हे खोक्यावर कुठेच नसते. रिकाम्या बैलगाडीची चाल दाखवून भरल्या गाडीचे भाडे ठरवावे, तसा हा व्यवहार आहे. वेग कमी-जास्त करता येणे ही एक गोष्ट झाली आणि ठरवलेला वेग कामाच्या ओझ्याखाली टिकणे ही दुसरी. विजेच्या हत्यारांच्या बाजारात या दोन्ही गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. पहिली स्वस्तात मिळते. दुसरी आत कोणत्या जातीची मोटर आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवणारे काही आहे का, यावर ठरते. पैसे मोजणाऱ्या सुताराला, लोहाराला, फॅब्रिकेटरला यातले काय मिळते आहे ते खोक्यावरूनच कळले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या पंचक्रोशीत हा फरक खरे तर नव्याने समजावून सांगायची गरज नाही. रहिमतपूर ज्या कोरेगाव तालुक्यात येते त्याच तालुक्यात, सातारा रोडला, धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ साली उभा राहिला. तिथे आधी लोखंडी नांगर झाले, मग डिझेल इंजिने. रहिमतपुरावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाने मिरजेकडे निघाले की किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसवली. म्हणजे यंत्राचा वेग आणि त्यावरचे ओझे यांचा हिशेब या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या कानाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. गुऱ्हाळावर इंजिन लावून चरक फिरवताना उसाची पहिली मोळी आत गेली की इंजिनाचा आवाज क्षणभर बसतो, धुराड्यातून काळा भपकारा निघतो आणि आवाज पुन्हा मूळ पट्टीवर येतो. कोणी थ्रॉटल ओढलेला नसतो. ते काम गव्हर्नर करतो. त्याची फिरती वजने वेग घसरताच आत येतात, त्यांना जोडलेला दांडा डिझेलच्या पंपाला जास्त तेल सोडायला लावतो, आणि मोळी संपून वेग वाढू लागला की तीच वजने बाहेर फेकली जाऊन तेल आवळतात. गव्हर्नर नसलेले इंजिन कोणी शेतकरी फुकटसुद्धा घेणार नाही. हातातले ड्रिल मात्र आपण सर्रास गव्हर्नरवाचून घेतो, आणि त्याच्या ट्रिगरलाच गव्हर्नर समजतो.

तारेवर चालणारे हाताचे बहुतेक प्रत्येक हत्यार, म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, राउटर, शिवाय स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा, युनिव्हर्सल मोटरवर चालते. कार्बनच्या दोन कांड्या आतल्या तांब्याच्या कम्युटेटरवर घासत असतात. त्या झिजल्या की आपण ‘कार्बन संपले’ म्हणून दुकानात जातो, ती ही मोटर. तिच्यात बाहेरची फील्ड कॉइल आणि आतले आर्मेचर एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे जो करंट एकात तोच दुसऱ्यात. ओझे वाढले की वेग पडतो, वेग पडला की करंट वाढतो, आणि करंट दोन्हीकडे वाढल्याने जोर त्याच्या कितीतरी पट चढतो. उलट ओझे काढून घेतले की ही मोटर सुसाट सुटते. स्वतःचा पंखा आणि गिअर यांचेच काय ते तिला ओझे. एवढीशी मोटर मिक्सरमध्ये मिनिटाला १८ हजारांच्या घरात फिरते ती याच स्वभावामुळे. मूठभर आकारात एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या स्वस्त मोटरमध्ये मिळत नाही. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये विजेवर चालणारे पहिले हातड्रिल केले. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरच्या पिस्तुलासारख्या मुठीच्या आणि ट्रिगरच्या ड्रिलला १९१७ मध्ये पेटंट मिळाले. हाताच्या ड्रिलचा आकार तेव्हापासून फारसा बदललेला नाही, आणि तारेवरच्या ड्रिलमध्ये याच मोटरचे राज्य टिकले, हे काही उगाच नाही. तिच्यात खोट नाही, पण ओझ्याप्रमाणे वेग बदलणे हाच तिचा जन्मस्वभाव आहे. तिच्याकडून एकसारख्या वेगाची अपेक्षा ठेवायची तर बाहेरून लगाम लावावा लागतो.

तो लगाम म्हणून ट्रिगरच्या आत बसवलेला असतो ट्रायॅक नावाचा एक छोटा इलेक्ट्रॉनिक भाग. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे सेकंदाला शंभर अर्ध्या लाटा. ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतो आणि उरलेला मोटरला देतो. बोट जितके सैल तितका मोठा तुकडा कापला जातो. मोटरला कमी व्होल्टेज मिळाले की वेग उतरतो हे खरेच; पण जोरही उतरतो. या जातीच्या मोटरमध्ये जोर साधारण करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने व्होल्टेज निम्मे केले तर अडकलेल्या मोटरचा जोर निम्मा न राहता पावाच्या जवळ जातो. हा हिशेब एका भोकापाशी आणून पाहू. साध्या लोखंडात हायस्पीड स्टीलच्या बिटाने भोक पाडताना बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास असावा, असे आयटीआयच्या फिटरच्या वर्गात शिकवतात. त्या हिशेबाने ३ मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला सुमारे २६५० फेरे लागतात, १० मिलिमीटरच्याला ८०० आणि १३ मिलिमीटरच्याला ६०० च्या थोडे वर. म्हणजे ‘० ते २८००’ वाले मशीन ३ मिलिमीटरच्या बिटाला अगदी बेताचे आहे. त्याच मशीनचा चक १० मिलिमीटरचे बिट घेतो. ते पूर्ण वेगाने फिरवले तर कड मिनिटाला ८८ मीटरने घासते, टोक निळे पडते आणि धार जाते. म्हणून शहाणा कारागीर बोट सैल करून वेग ८०० वर आणू पाहतो. नेमका त्याच वेळी जाड बिटाला जास्त जोर हवा असतो आणि ट्रायॅकने तो काढून घेतलेला असतो. बिट अडते. तो दाबतो, बोट नकळत पुढे जाते, मोटर एकदम उसळते आणि भोक पत्र्याच्या पलीकडे फुटता फुटता बिट कडेला अडकून सगळे मशीन मनगटाभोवती फिरते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना तो झटका सांगावा लागत नाही. यात गरम होण्याची वेगळीच अडचण असते. मोटरला वारा घालणारा पंखा आर्मेचरवरच बसवलेला असतो. वेग कमी म्हणजे वारा कमी, आणि करंट तर जास्त. जळका वास येतो तो अशा वेळी, आणि दोष दिला जातो वाइंडिंग करणाऱ्याला.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही जुनेच आहेत. पहिला गिअरचा. दोन गिअरच्या ड्रिलमध्ये पहिल्या गिअरला रिकामा वेग हजार-अकराशेच्या आसपास येतो. मोटर आत आपल्या आवडत्या वेगाने फिरत राहते, वारा मिळतो आणि बिटाला जोर वाढून मिळतो. मला हा उपाय कुठल्याही बटणापेक्षा सरस वाटतो, आणि तो अजून एकगिअरी ड्रिलच्या मागे का पडतो याचे नवलही वाटते. दुसरा उपाय गव्हर्नरचा. आर्मेचरच्या शेपटीला एक छोटे चुंबक बसवायचे, समोर एक बारीक कॉइल ठेवायची. चुंबक फिरले की कॉइलमध्ये उमटणाऱ्या ठोक्यांवरून सर्किटला खरा वेग कळतो. वेग पडला की ते ट्रायॅकला लाटेचा कमी तुकडा कापायला लावते. डिझेलच्या गव्हर्नरचीच ही विजेची आवृत्ती. कंपन्या तिला ‘कॉन्स्टंट स्पीड’ म्हणतात आणि बहुधा महागड्या ग्राइंडरमध्ये आणि राउटरमध्येच देतात. ही काही दुर्मीळ विद्या नाही. पुढून कपडे घालायच्या अनेक वॉशिंग मशीनमध्ये वर्षानुवर्षे हीच युनिव्हर्सल मोटर आणि हेच चुंबक होते. कपडे घुसळताना ड्रम मिनिटाला पन्नासेक फेरे आणि पिळताना हजाराच्या वर, तेही ओल्या कपड्यांचे बदलते ओझे घेऊन. घरातल्या चादरी धुताना जी काळजी घेतली जाते, ती मनगटाला झटके खाणाऱ्या माणसाच्या हत्यारात घेतली जात नाही.

आता दुसरी जात, म्हणजे इंडक्शन मोटर. गिरणी, बेंच ग्राइंडर, बेंच ड्रिल, लेथ, विहिरीवरचा पंप यांत हीच असते. तिला कार्बन नाहीत, ठिणगी नाही, आणि तिचा वेग व्होल्टेजपेक्षा विजेच्या आवर्तनांना बांधलेला असतो. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पातली जनित्रे देशाच्या जाळ्याशी सूर जुळवून ५० आवर्तनांना फिरत असतात. त्या सुराला बांधलेली चार पोलची मोटर १५०० च्या थोडे खाली, बहुधा १४४० ला, आणि दोन पोलची ३००० च्या थोडे खाली, बहुधा २८८० ला फिरते. पंपाच्या पाटीवरचे आकडे हेच सांगतात. ओझे आले तरी हा वेग शे-दीडशे फेऱ्यांच्या पलीकडे सहसा ढळत नाही. म्हणजे वेग टिकवणे हा हिचा स्वभाव आणि वेग बदलणे हीच हिची अडचण. युनिव्हर्सल मोटरच्या अगदी उलट. म्हणून बेंच ड्रिलला पायऱ्यापायऱ्यांच्या पुल्या असतात आणि वेग बदलायचा तर पट्टा सरकवावा लागतो.

इथे आपल्याकडचा एक आवडता जुगाड आठवतो: पंख्याचा रेग्युलेटर घेऊन तो बेंच ग्राइंडरला किंवा ड्रिलला जोडणे. पंख्याची मोटरही इंडक्शनच, मग पंख्याला चालते ते ड्रिलला का चालू नये, असा हा युक्तिवाद. उत्तर ओझ्यात आहे. पंख्याचा वेग जरा उतरला की हवेचे ओझे झपाट्याने हलके होते, आणि मोटरही घसरत फिरता येईल अशी मुद्दाम घडवलेली असते. म्हणून व्होल्टेज कमी केले की ती कमी वेगावर सुखाने स्थिरावते. भोक पाडणाऱ्या बिटाचे ओझे असे विरत नाही. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. तेव्हा व्होल्टेज कमी केलेली बेंच ड्रिलची मोटर वेग फारसा न उतरवता तशीच रेटत राहते, जास्त करंट ओढते आणि एका हद्दीनंतर थेट बसते. एका फेजच्या बऱ्याच मोटरमध्ये तर सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. वेग फार उतरला की तो सुरुवातीचे वाइंडिंग पुन्हा जोडतो, आणि दोन-पाच सेकंदांसाठी बनवलेले ते वाइंडिंग पाच मिनिटे करंट खाऊन जळते. नव्या बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरच्या, पंख्याला तर जुना रेग्युलेटर लावूच नये, कारण त्याचा वेग ठरवणारे सर्किट पंख्याच्या आतच असते. इंडक्शन मोटरचा वेग खऱ्या अर्थाने बदलायचा तर आवर्तने बदलावी लागतात. तीन फेजची मोटर घेऊन तिला व्हीएफडी, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत ‘ड्राइव्ह’, लावली की २५ आवर्तनांना तीच १४४० ची मोटर सातशेच्या आसपास फिरते आणि जोरही जवळजवळ पूर्ण देते. फार खाली नेली तर वाऱ्याची अडचण हिलाही आहेच. एका जागी बसलेल्या यंत्रासाठी मला हा मार्ग सर्वांत चोख वाटतो. एक फेज आत घेऊन तीन फेज बाहेर देणाऱ्या लहान ड्राइव्ह मिळतात, फक्त एक फेजची जुनी मोटर त्यांवर चालवायचा हट्ट धरू नये.

या जातीभेदाकडे दुर्लक्ष झाले की काय होते ते मार्बल कटरच्या पात्यावर दिसते. फरशी कापायच्या या यंत्रात ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला १३ हजारांच्या आसपास फिरते. म्हणजे पात्याची कड सेकंदाला सुमारे ७५ मीटर धावते. फरशीच्या हिरा-पात्याला दात नसतात, ते घासते. त्याला हा वेग हवाच असतो. पण दाराच्या चौकटी आणि प्लाय कापायला याच यंत्रात दाताचे लाकडाचे पाते बसवायची पद्धत गावोगाव आहे, कारण वेगळा सर्क्युलर सॉ महाग पडतो. सर्क्युलर सॉचे १८५ मिलिमीटरचे पाते पाच हजारांच्या आसपास फिरते, म्हणजे कड सेकंदाला ४८ मीटर, आणि त्याला खालून आपोआप मिटणारे झाकण असते. मार्बल कटरला ना असे झाकण, ना बहुधा वेग उतरवायची सोय. लाकडातली गाठ लागली की दात अडकतो, युनिव्हर्सल मोटर तिच्या स्वभावाप्रमाणे जोर कैकपटीने वाढवते आणि यंत्र उलटे उसळते. यात भर विजेची. ग्राइंडरचे बटण अडकवून ठेवलेले असताना वीज गेली, माणूस यंत्र ओट्यावर ठेवून चहाला गेला आणि वीज परतली, तर ते आपोआप पूर्ण वेगाने सुरू होऊन ओट्यावरून उडी घेते. वीज परतल्यावर बटण सोडून पुन्हा दाबेपर्यंत सुरू न होणे आणि सुरू होताना हळू वेग घेणे, या दोन्ही गोष्टी वेगावर ताबा ठेवणाऱ्या सर्किटमधूनच साधतात. भारनियमनाची सवय असलेल्या भागात ही चैन म्हणता येणार नाही. डिस्कवर सेकंदाला ८० मीटर आणि १०० मिलिमीटरच्या डिस्कला मिनिटाला १५,३०० च्या आसपासचा आकडा छापलेला असतो, ती तिची शेवटची मर्यादा. १८० मिलिमीटरच्या डिस्कची तीच मर्यादा ८,५०० वर येते. छोट्या ग्राइंडरचे झाकण काढून मोठी डिस्क चढवणारा माणूस हे दोन आकडे एकदा शेजारी ठेवून बघेल तर हात आखडता घेईल.

यात रेल्वेने धरलेली वाट बघण्यासारखी आहे. मुंबईत १९२५ साली विजेची पहिली लोकल धावली ती डीसी सीरीज मोटरवर, म्हणजे आपल्या ड्रिलमधल्या मोटरच्या थोरल्या भावावर. सुटताना दांडगा जोर हवा म्हणून ती जात निवडली, आणि वेग आवरायला करंट लोखंडी रेझिस्टन्समधून नेऊन वीज उष्णतेत उधळली. १९९० च्या दशकात तीन फेजच्या इंडक्शन मोटर आणि त्यांना हवी ती आवर्तने बनवून देणारे इन्व्हर्टर असलेली इंजिने आपल्याकडे आली. आज रहिमतपुरावरून पुण्याहून कोल्हापूरला जाणारी वंदे भारत याच तत्त्वावर धावते. वेगावरचा ताबा मोटरच्या स्वभावाकडून काढून इलेक्ट्रॉनिक्सच्या हाती दिला आणि कार्बनही गेले. हत्यारांत हेच वळण ब्रशलेस मोटरच्या रूपाने आले आहे. तिच्यात चुंबके फिरत्या भागावर आणि तांबे स्थिर भागावर असते. चुंबक कुठे आहे हे ओळखून सर्किट एकेका कॉइलला पाळीपाळीने वीज देते. रोटर कुठे आहे हे कळल्याशिवाय ही मोटर धड फिरतच नाही, म्हणून खरा वेग मोजण्याची सोय तिच्यात आपसूकच असते. बॅटरीवरच्या चांगल्या ड्रिलमध्ये तो टिकवलाही जातो. सगळ्यांत मात्र नाही, आणि इथे जाहिरातीने फसू नये. ब्रशलेस म्हणजे वेग टिकणारच असे समीकरण नाही. सर्किटला वेग माहीत असतो, पण त्याचे काय करायचे हे बनवणाऱ्याने ठरवलेले असते. स्वस्त यंत्रात ट्रिगर फक्त विजेचे तुकडे लहान-मोठे करतो आणि जुन्या कार्बनवाल्या बॅटरी ड्रिलसारखाच वेग ओझ्याखाली पडतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप कसलेल्या कारागिराचा, आणि तो मानाने ऐकण्याजोगा आहे: चांगल्या हाताला गव्हर्नर लागत नाही, हातच गव्हर्नर असतो. आवाजावरून वेग ओळखणे, बिट पत्र्यापार निघायच्या आधी दाब सैल करणे, हे कसब खरेच आहे. पण हात आणि गव्हर्नर एकच काम करत नाहीत. वेग पडला की गव्हर्नर ताकद वाढवतो. हात मात्र दाब काढून घेतो, म्हणजे ओझे कमी करतो. एकात काम चालू राहते, दुसऱ्यात मंदावते. शिवाय हाताला झटका बसल्यावर कळते. आणि दहा वर्षांचा हात ज्याच्याकडे नाही त्या शिकाऊ पोराने पहिली दहा वर्षे मनगटावर काढायची काय, हाही प्रश्न उरतो. दुसरा आक्षेप व्होल्टेजचा: गावात लाइनच्या शेवटच्या टोकाला २३० व्होल्ट मिळतातच कुठे, तिथे हे नाजूक सर्किट काय करणार? उलट तिथेच त्याची गरज जास्त. युनिव्हर्सल मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर खाली-वर होतो. मागे थोडी ताकद राखून चालणारे फीडबॅकचे सर्किट तो चढउतार बऱ्याच अंशी झाकते. व्होल्टेज फारच पडले तर मात्र तेही काही करू शकत नाही, कारण नसलेली ताकद कुठून आणणार?

तिसरा आक्षेप दुरुस्तीचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. कार्बन दहा मिनिटांत बदलता येतात, आर्मेचर तालुक्याच्या गावी भरून मिळते, बेअरिंग कुठेही मिळते. ब्रशलेसचे सर्किट राळेत ओतून बंद केलेले असते. ते गेले की अख्खे बोर्ड बदला, आणि बोर्ड पुण्याहून येईपर्यंत हातावर हात धरून बसा. रोजंदारीवर हत्यार चालवणाऱ्याला ते पंधरा दिवस परवडत नाहीत. म्हणून ‘सगळ्यांनी ब्रशलेस घ्या’ असे मी म्हणणार नाही. तारेवर काम करणाऱ्या, जवळ दुरुस्तीवाला असणाऱ्या माणसाने युनिव्हर्सल मोटरच घ्यावी, पण दोन गिअरची किंवा चुंबकाच्या गव्हर्नरची घ्यावी. छतावर, मंडप उभारताना, पवनचक्कीच्या माळावर, जिथे तार नेता येत नाही तिथे ब्रशलेसची जास्तीची किंमत वसूल होते. किमतीचा आक्षेप खरा असला तरी वाटतो तितका मोठा नाही. चुंबक, कॉइल आणि एक चिप यांनी मशीन सोन्याचे होत नाही. महागड्या मॉडेललाच ती जोडायची ही विक्रीची सोय आहे.

करायचे काय, ते फार अवघड नाही. छताच्या पंख्यांना २०२३ पासून ऊर्जा बचतीचे तारे सक्तीचे झाले, आणि कमी वीज खाणारा पंखा जास्त खाणाऱ्या पंख्याशेजारी ठेवून निवडता येऊ लागला. पंख्याच्या गिऱ्हाइकाला ताऱ्यांमागचे गणित कळत नाही, कळायची गरजही नाही. तुलना करता येते एवढे पुरते. तसेच हत्यारांच्या खोक्यावर मोटरची जात, रिकामा वेग आणि ठरलेल्या ओझ्याखालचा वेग एवढे तीन शब्द-आकडे छापायला लावावेत. सुरुवात सरकारला स्वतःच्या खर्चापासून करता येईल. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार अशा १८ व्यवसायांतल्या कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या पैशांतून विजेचे हत्यार घ्यायचे तर ओझ्याखालचा वेग जाहीर केलेलेच घ्यावे अशी अट घातली, तर कंपन्या तो छापायला लागतील. एवढे मोठे गिऱ्हाईक कोणी सोडत नाही. आयटीआयमध्ये कटिंग स्पीडचे सूत्र फळ्यावर असते आणि ड्रिल टेबलावर. ८०० फेरे हवेत हे मुलाला गणिताने कळते, पण हातातले मशीन ते ओझ्याखाली देते का, हे मोजायचा टॅकोमीटर त्याच्या हाती कधी पडेल तर बरे. बेंच ड्रिलच्या पट्ट्याचे झाकण उघडले की आतल्या बाजूला कुठल्या पुलीला किती फेरे याचा तक्ता चिकटवलेला असतो, तेलकट बोटांनी अर्धा पुसलेला. स्थिर यंत्राला जो प्रामाणिकपणा जमतो तो हातातल्या यंत्रालाही जमायला हरकत नाही.

छापील आकडा येईल तेव्हा येईल. तोवर ड्रिल घ्यायला जाताना खिशात १० मिलिमीटरचे एक बिट आणि ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचा तुकडा न्यावा. पट्टी शिकंज्यात धरायला सांगावी आणि ट्रिगर अर्धाच दाबून बिट टेकवावे. चरकात पहिली मोळी गेल्यावर इंजिनाचा आवाज बसतो आणि पुन्हा उठतो, तसा तो उठतो का, हे ऐकायला दुकानातले अर्धे मिनिट पुरते.